डावीकडची पहिली पायपट्टी

माझं लग्न एका माणसाशी झालं, संसार मात्र तिघांशी करावा लागला. पहिला संगीतकार, दुसरा ऑर्गनवादक आणि तिसरा संगीत महोत्सवाचा संचालक. पहिल्यावर मी भाळले होते. दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून मी अर्धं आयुष्य काढलं. तिसरा फोन कानाला लावून जेवायचा आणि जेवणात मीठ नाही हे त्याला कधी कळायचं नाही. तिघांनाही मी 'अहो'च म्हणते, त्यामुळे हाक मारली की नेमका कोण 'ओ' देईल ते सांगता येत नाही. गेली बरीच वर्षं संचालकच देतो.

ऑर्गन म्हटलं की लोकांना पेटीचा मोठा भाऊ वाटतो. आमच्या सभागृहातला ऑर्गन भिंतभर आहे. सगळ्यांत लहान पाइप पेन्सिलीएवढा, सगळ्यांत मोठ्यात माणूस उभा राहील. हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी वेगळ्या आणि पायांनी वाजवायच्या लांब लाकडी पट्ट्या वेगळ्या. दोन्ही बाजूंना खुंट्या आहेत. एक खुंटी ओढली की एका जातीचे पाइप बोलायला लागतात, परत ढकलली की गप्प होतात. वादकाचे हातपाय तर आधीच गुंतलेले. मग कोणीतरी बाजूला उभं राहून नेमक्या क्षणी खुंट्या ओढाव्या लागतात, पानं उलटावी लागतात. ते कोणीतरी म्हणजे मी.

मी शाळेत गणित शिकवायचे. मला स्वरलिपी वाचता येते, वाजवता काही येत नाही. लग्नानंतर एकदा खुंट्या ओढणाऱ्याला ताप आला आणि आजच्या दिवस उभी राहशील का, असं ह्यांनी विचारलं. तो आजचा दिवस अजून संपला नाही. डॉक्टर म्हणतात, डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका. त्या डॉक्टरांना एकदा वरच्या ओळीतल्या खुंट्या दाखवायला हव्यात.

महोत्सव ह्यांनीच सुरू केला. नव्या संगीताचा. जिवंत माणसांनी लिहिलेलं, अजून कोणी ऐकलं नाही असं काहीतरी लोकांना ऐकवायचं, हा हट्ट. चांगला हट्ट होता, मी नाही म्हणत नाही. पण दरवर्षी इतरांच्या रचना बसवता बसवता ह्यांच्या स्वतःच्या बाजूला पडत गेल्या. 'संचालकच स्वतःची पाठ थोपटतो' असं कोणी म्हणायला नको, म्हणून आपल्या महोत्सवात स्वतःचं काही वाजवायचंच नाही, असा नियम ह्यांनी करून घेतला. मग काय, परक्या गावांत, परक्या सभागृहांत ह्यांची नवी रचना वाजायची आणि इथे आम्ही खुर्च्या मोजायचो.

आता त्या पट्टीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं आहे.

पायाच्या पट्ट्यांमध्ये डावीकडची पहिली पट्टी म्हणजे ऑर्गनचा सगळ्यांत खालचा सूर. त्याच्याखाली काही नाही. एखादी मोठी रचना खाली उतरत उतरत आली की शेवटी त्याच्यावर येऊन टेकते आणि ऐकणाऱ्याला पोचल्यासारखं वाटतं. आमच्या ऑर्गनची ती पट्टी मेलेली होती. पाइपांखालच्या लाकडी पेटीला चीर गेली होती, हवा तिथून निसटायची. पट्टी दाबली की आधी काहीच नाही आणि मग म्हाताऱ्याने खुर्चीत बसताना सोडावा तसा सुस्कारा. दुरुस्ती करायची तर मोठे पाइप सगळे खाली उतरवायचे, सभागृह कितीतरी दिवस बंद ठेवायचं. सभागृह बंद ठेवलं तर महोत्सव कुठे करणार? म्हणून दरवर्षी ठरायचं, पुढच्या वर्षी नक्की.

ह्यांचा सगळा रियाज त्याच ऑर्गनवर, लिहिणंही तिथेच बसून. जो सूर वाजतच नाही तो कोण लिहील? आधी ह्यांनी वरच्या सप्तकातला तोच सूर घेऊन बघितला, पण जमिनीवर बसायचं म्हणून स्टुलावर बसल्यासारखं ते वाटायचं. मग त्याच्या शेजारच्या सुरावर आणून रचना सोडून द्यायची सवय लागली. शेवट अधांतरी. उंबऱ्यापर्यंत यायचं आणि आत पाऊल टाकायचं नाही.

आणि नेमकं तेच लोकांना आवडलं. एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं की हे संगीत कुठेच टेकत नाही, आपल्या काळाची अस्वस्थता त्यात आहे. मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. काळ कसला, लाकडाची चीर! हे डोळे पुसत म्हणाले, "अगं, कुणाला सांगू नकोस हं." मी सांगितलं नाही. पुढे पुढे असंच सगळे लिहायला लागले. मग हे हसेनासे झाले. मग एका व्याख्यानात ह्यांनी स्वतःच सांगितलं की 'मला शेवट खोटे वाटतात'. मी प्रेक्षकांत बसले होते. कपाळावर हात मारून घ्यायची फार इच्छा झाली, पण शेजारी महोत्सवाच्या समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या.

या वर्षी सभागृहाचं छत गळायला लागलं. नगरपालिकेने सभागृहालाच कुलूप घातलं आणि दुरुस्ती काढली. छताचं काम चालू आहे तोवर ऑर्गनचंही करून टाकू, असं ऑर्गन दुरुस्त करणारे म्हणाले. ते आणि त्यांची माणसं आली. मोठे पाइप उतरवून मंचावर चादरी घालून आडवे ठेवले. रुग्णालयाच्या वॉर्डात शिरल्यासारखं वाटायचं. काम झालं तसा त्यांचा फोन आला, या आणि दाबून बघा.

हे बाकावर बसले, बूट बदलले. ऑर्गनचे बूट वेगळे असतात, पातळ तळव्याचे, पायाला पट्टी कळावी म्हणून. डावा पाय लांब करून ह्यांनी ती पट्टी दाबली.

तो सूर कानाला ऐकू यायच्या आधी तळपायांना कळला. मग गुडघ्यांत, मग पोटात. फार मोठा नव्हता तो. शांत होता. मला इतकं भरून आलं की मी उगाच पिशवीत चष्मा शोधायला लागले. ह्यांनी कितीतरी वेळ पाय उचलला नाही. दुरुस्तीवाले कपड्याला हात पुसत म्हणाले, "काय, झालं ना समाधान?"

"बरा लागलाय," हे म्हणाले, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. संचालक उठून बाहेर गेला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती बाहेरच्या खोलीतल्या पियानोमुळे. किती वर्षांनी! मी अंथरुणात पडून ऐकत राहिले. चहा घेऊन गेले तर हे केस विस्कटून बसलेले, कानामागे पेन्सिल, चष्म्यावर खोडरबराचा चुरा. हा पहिला. ह्याच्याशीच मी लग्न केलं होतं.

"ऐक," हे म्हणाले. "ही एक रचना पूर्ण करतो. मोठी. खाली खाली आणत नेतो आणि त्या सुरावर टेकवतो. एकदाच. आपल्याच महोत्सवात, शेवटच्या दिवशी, मीच वाजवतो. आणि मग बास."

"बास म्हणजे?"

"बास म्हणजे बास. वाजवून झालं की मंचावरूनच सांगून टाकतो, आता महोत्सव दुसऱ्या कोणाकडे द्या. मग लेकीकडे जाऊ. राहू सहा महिने. वर्ष राहू."

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

ह्यांनी चष्मा काढला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? इतकी वर्षं मी गप्प राहून वाट बघितली होती. मला काही मोठं नको होतं. सकाळी दोघांनी एकत्र चहा प्यावा आणि मध्ये फोन वाजू नये, एवढंच हवं होतं.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा आणि बास? आई, तू त्यांना ओळखत नाहीस का?"

"या वेळी खरंच म्हणालेत गं."

"बरं. मी खोली रिकामी करून ठेवते. पण तू त्यांच्यासाठी थांबून राहू नकोस हं."

मी बॅग माळ्यावरून काढली, आतून पुसली आणि गच्चीत वाळत घातली.

ह्यांनी निवृत्तीचं अध्यक्षबाईंच्या कानावर घातलं होतं. उंच, सुगंधी, आणि नकार कळत नाही अशा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, मी फुलं आणून ठेवतेय. निरोप दिला तर निरोपाची, मन बदललं तर अभिनंदनाची." मी हसले, पण अंगाचा तिळपापड झाला.

महोत्सवाचा आठवडा कसा जातो ते आठवत नाही, आठवू नये असंच असतं ते. गायिकेचा घसा बसला. पाहुण्या पियानोवादकाला स्टूल उंच पडलं, दुसरं आणलं तर ते कुरकुरायला लागलं. ढोलांचे स्टँड भलत्याच शहरात पोचले. छताचा रंग ओला होता, त्याच्या वासाने दोन म्हातारे श्रोते उठून गेले, आणि आमच्याकडे दोन श्रोते उठून गेले की कळतं. ह्यांच्या तर नाकी नऊ आले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन, ओठांवर सगळ्यांसाठी एकच हसू. घरी आले की बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचे. मी बूट काढायचे, खांदा आतून चमकायचा, आणि मी मनात म्हणायचे, रविवारपर्यंत. फक्त रविवारपर्यंत.

रविवारी दुपारी समारोप होता. सभागृह भरलं होतं, ह्यांची स्वतःची रचना इथे पहिल्यांदाच म्हणून. तो मोठा समीक्षकही पुढच्या रांगेत होता. मी ह्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि सुरुवात केली.

रचना सुंदर होती. मी बायको म्हणून सांगत नाही, बायको म्हणून तर मला ह्यांच्या कितीतरी रचना कंटाळवाण्या वाटल्या आहेत. ही ह्यांनी थकून लिहिली होती आणि थकवा लपवला नव्हता. एक साधी ओळ वरून निघते, पायऱ्या उतराव्यात तशी उतरत जाते, मध्येच दम खायला थांबते, पुन्हा उतरते. मी खुंट्या ओढत होते. खांदा दुखत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटच्या पानावर मी सगळ्यांत खोल आवाजाची खुंटी ओढली. आता फक्त ते टेकणं राहिलं होतं.

मी खाली बघितलं. मला त्या जागेवरून ह्यांचा डावा पाय स्पष्ट दिसतो.

पाय निघाला. शेजारची पट्टी ओलांडून तो डावीकडच्या पहिल्या पट्टीवर आला. तिच्या वर, कागद सरकेल एवढ्या अंतरावर, थांबला. मग पाय उचलला गेला, परत आला, आणि शेजारच्या पट्टीवर पडला.

तोच जुना, ओळखीचा, अधांतरी शेवट सभागृहभर पसरला. ह्यांनी तो खूप वेळ धरून ठेवला. मग हात उचलले.

लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. समीक्षक डोळे टिपत होता. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. समोरच्या पानावरचा शेवटचा सूर तिथे फक्त मला दिसत होता, आणि तो कोणी वाजवला नव्हता.

हे पुढे गेले, ध्वनिक्षेपक हातात घेतला. कलाकारांचे आभार, समितीचे आभार, छत दुरुस्त करणाऱ्यांचे आभार. मी बाजूला उभी राहून पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

"...आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटूच," हे म्हणाले. "ही रचना अजून पुरी झालेली नाही. तोपर्यंत होईल."

लोकांना तो विनय वाटला. सगळे हसले. अध्यक्षबाई लगबगीने मंचावर आल्या आणि त्यांनी अभिनंदनाची फुलं दिली.

मंचामागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा आणि कोणीतरी विसरलेला मफलर होता. हे खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. फुलं बेसिनमध्ये ठेवली होती. मी दार लावून घेतलं.

"पाय चुकला," माझ्याकडे न बघता हे म्हणाले. "इतक्या वर्षांची सवय गं. शरीर ऐकत नाही."

"सवय असती तर पाय तिथे गेलाच नसता," मी म्हटलं. "गेला होता. मी बघितलाय. गेला, थांबला आणि परत आला."

ह्यांचे हात नाडीवर थांबले.

मला ओरडायचं होतं. समीक्षकाला आत बोलावून लाकडाची चीर दाखवावी, अध्यक्षबाईंना त्यांची फुलं परत द्यावीत, असं काय काय मनात येत होतं. पण ओरडायलाही अंगात काही असावं लागतं.

"का?" मी एवढंच विचारलं.

हे म्हणाले, "वाजवला असता तो. वाजवणारच होतो. पण तिथे पाय नेल्यावर वाटलं, हा वाजला की संपलं. मग उद्या सकाळी उठून मी काय करू?"

"माझ्यासोबत चहा प्यायचा होता."

ह्यांनी मान वर केली. खरंच कळलं नव्हतं ह्यांना. ह्यांच्या त्या 'मी काय करू'ने मला जे लागलं ते अजून जात नाही. म्हणजे मी जिथे जायची इतकी वाट बघत होते, ती जागा ह्यांना रिकामी दिसत होती.

"पुढच्या वर्षी करतो नक्की," हे म्हणाले. "खरंच. आत्ता नुसतं जरा—"

"पुढच्या वर्षी खुंट्या ओढायला दुसरं कोणी बघा."

हे हसले. मी चिडले की असंच म्हणते, असं त्यांना वाटलं असणार. पण मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. मी हसत नाही म्हटल्यावर त्यांचंही हसू हळूहळू उतरलं.

"अगं, दुसऱ्या कोणाला कसं जमेल? माझा श्वास कुठे पडतो ते फक्त तुला—"

"शिकेल कोणीतरी. तुम्ही संचालक आहात, शोधा. मी लेकीकडे चालले आहे. खोली रिकामी आहे तिची. तुम्ही आलात तर आलात."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही. मी ठरवून जात नाही."

बाहेर खुर्च्या दुमडल्याचे आवाज येत होते. कोणीतरी दार ठोठावून 'सर, फोटोसाठी येताय ना?' असं विचारलं. एका पायात ऑर्गनचा पातळ बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, असे हे माझ्याकडे बघत बसले. मी दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून उभी होते, ते त्यांना दिसलं असावं.

"थकलीस का गं?" ह्यांनी विचारलं.

हा प्रश्न ह्यांनी आजवर सगळ्या पाहुण्यांना विचारला होता, गायकांना, वादकांना, खुर्च्या लावणाऱ्यांना. माझी पाळी आजच आली.

"हो," मी म्हटलं, आणि दुसऱ्या खुर्चीत बसले.